मंत्र्यांना खर्चाचा जाब विचारताना: ‘प्रश्न उद्भवत नाही’ या उत्तराला वाव न देणारा प्रश्न कसा लिहावा

विधिमंडळाच्या छापील प्रश्नोत्तरांत एक जोडी वारंवार दिसते. प्रश्न असतो, ‘अमुक योजनेचा निधी वाया गेला, हे खरे आहे काय, असल्यास कारवाई काय केली, नसल्यास विलंबाची कारणे काय?’ उत्तर असते, ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ तीन ओळींत मंत्री मोकळे होतात. यात उत्तर लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याची हुशारी कमी आणि प्रश्न लिहिणाऱ्याचा ढिलेपणा जास्त असतो. खर्चाच्या प्रश्नाचं यशापयश सभागृहात ठरत नाही, प्रश्नाची लेखी सूचना लिहितानाच ठरतं. आमदार, खासदार आणि मुख्यतः त्यांच्यासाठी प्रश्न तयार करणारे सहायक यांच्यासाठी ही पद्धत.

आधी कागद, मग प्रश्न

खर्चाच्या प्रत्येक रकमेला लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातला तिचा सांकेतिक क्रमांक, असतो. तो हाताशी नसेल तर प्रश्न लिहायला बसू नका. केंद्र आणि राज्य दोन्हीकडे सहा पातळ्यांची, एकूण १५ अंकांची रचना आहे: प्रधान शीर्ष ४ अंक, उपप्रधान २, गौण ३, मग उपशीर्ष, तपशीलवार शीर्ष आणि उद्दिष्ट शीर्ष प्रत्येकी २. त्यात प्रधान शीर्षाचा पहिला अंक सगळ्यात कामाचा. ० किंवा १ म्हणजे महसुली जमा, २ किंवा ३ महसुली खर्च, ४ किंवा ५ भांडवली खर्च, ६ किंवा ७ कर्जे व आगाऊ रकमा. सर्वसाधारण शिक्षणाचा महसुली खर्च २२०२ वर, त्याच क्षेत्रातला भांडवली खर्च ४२०२ वर. वैद्यकीय सेवेसाठी २२१० आणि ४२१०, रस्ते-पुलांसाठी ३०५४ आणि ५०५४. ‘शाळांवर किती खर्च केला’ असं विचारलं तर विभाग पगारासकट २२०२ चा भलामोठा आकडा देतो आणि वर्गखोल्यांचा विषय त्यात बुडून जातो. तुम्हाला खोल्यांचं विचारायचं असेल तर ४२०२ म्हणा.

मग तीन वर्षांचे आकडे एका ओळीत मांडा. चालू वर्षाच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सरत्या वर्षाचा सुधारित अंदाज आणि त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असतो. प्रत्यक्ष खर्च नेहमी मागे असतो, त्यामुळे एका वर्षाचा अंदाज आणि त्याच वर्षाचा प्रत्यक्ष खर्च यांची तुलना करायला दोन वेगवेगळ्या वर्षांची पुस्तकं उघडावी लागतात. रकान्याच्या डोक्यावर हजार, लाख की कोटी तेही बघून घ्या. या चुकीने प्रश्नकर्त्याचं हसं होतं आणि पुढची पाच मिनिटं मंत्री फक्त तेवढ्यावर बोलतात.

याला जोड म्हणून कॅगचे, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे, दोन दस्तऐवज लागतात. वित्त लेखे आणि विनियोजन लेखे. दुसऱ्यात प्रत्येक मागणीखाली किती मंजूर होतं, किती खर्ची पडलं, किती वाचलं आणि किती रक्कम वर्षाच्या शेवटी समर्पित, म्हणजे न वापरता परत, केली हे असतं, आणि विभागाने दिलेली कारणंही. जिथे ‘कारणे कळवण्यात आली नाहीत’ असं छापलेलं दिसेल, तिथे प्रश्न तयारच आहे.

खर्च या शब्दाच्या पोटात चार टप्पे

सगळ्यात जास्त उत्तरं इथेच निसटतात. तरतूद म्हणजे सभागृहाने मंजूर केलेली रक्कम. वितरण म्हणजे वित्त विभागाने त्यातली प्रत्यक्षात सोडलेली. महाराष्ट्रात ती बीम्स या निधिवितरणाच्या संगणकीय प्रणालीवर नोंदली जाते. आहरण म्हणजे कोषागारातून काढलेली. आणि शेवटी प्रत्यक्ष वापर, म्हणजे कंत्राटदाराच्या देयकात किंवा लाभार्थ्याच्या खात्यात पोचलेली. विभाग ‘१०० टक्के निधी खर्च’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा तिसऱ्या टप्प्यावर थांबलेला असतो. पैसा मार्चअखेर कोषागारातून निघतो आणि एखाद्या महामंडळाच्या किंवा अधिकाऱ्याच्या नावे असलेल्या वैयक्तिक ठेव खात्यात पडून राहतो. हिशेबात खर्च झाला, जमिनीवर काही नाही.

म्हणून प्रश्नात ‘किती खर्च झाला’ असं एकच कलम कधीच ठेवू नका. चारही आकडे स्वतंत्रपणे मागा, आणि त्यासोबत त्या खात्यातली अखर्चित शिल्लक. केंद्र पुरस्कृत योजना असेल तर १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या व्यवस्थेनुसार राज्यात प्रत्येक योजनेसाठी एकल नोडल एजन्सीचं, म्हणजे योजनेचा सगळा पैसा हाताळणाऱ्या एका संस्थेचं, खातं उघडण्यात आलं. असं खातं असेल तिथे त्यात ठरावीक तारखेला किती शिल्लक होती ते विचारता येतं. तारीख मात्र द्यायची. ३१ मार्चची शिल्लक आणि ३० एप्रिलची शिल्लक शेजारी ठेवली की मार्चची धावपळ उघडी पडते. केंद्राच्या सूचनांनुसार शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि मार्च महिन्यात १५ टक्के खर्चाची मर्यादा नेहमीची आहे, मधूनमधून ती शिथिल केली जाते. त्यामुळे ‘या मर्यादेपेक्षा जास्त खर्च करण्यास कोणत्या आदेशान्वये मुभा दिली’ हे विचारणं योग्य ठरतं.

उपयोगिता प्रमाणपत्रांचंही, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामालाच वापरलं या दाखल्यांचंही, तसंच. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ नुसार अनुदानाचं प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचं असतं. ‘प्रमाणपत्रे प्रलंबित आहेत काय’ याला ‘काही प्रमाणपत्रे प्रलंबित आहेत’ एवढंच उत्तर येतं. संख्या, एकूण रक्कम आणि सगळ्यात जुनं कोणत्या वर्षाचं, असं तीन भागांत विचारा. तिसरा भाग सर्वात बोलका असतो.

मसुदा लिहिताना

लोकसभेच्या नियमानुसार प्रश्न साधारण १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा, राज्यसभेत १००. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप, विशेषणं चालत नाहीत. मत विचारता येत नाही, काल्पनिक स्थिती मांडता येत नाही, न्यायप्रविष्ट बाब आणता येत नाही. सहज उपलब्ध दस्तऐवजात असलेली माहितीही मागता येत नाही. हे शेवटचं कलम बरेच जण विसरतात. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात छापलेला आकडाच विचारलात तर सचिवालय सूचना बाद करतं, आणि बरोबर करतं. पुस्तकातल्या आकड्याच्या एक पायरी खाली जाऊन विचारायचं.

‘हे खरे आहे काय’ हा साचा महाराष्ट्रात रूढ आहे आणि तो टाळायचं कारण नाही, पण त्याची मर्यादा ओळखा. एका कलमात तीन तथ्यं घातली आणि त्यातलं एक जरी चुकलं, समजा रकमेचा एखादा अंक किंवा पत्राची तारीख, तर विभाग सगळ्या कलमाला ‘हे खरे नाही’ म्हणतो आणि ‘असल्यास’ने सुरू होणारी पुढची सगळी कलमं आपोआप पडतात. म्हणून खरं-खोटं विचारणाऱ्या कलमात एकच तथ्य, तेही कागदावर पुरावा असलेलं. पैशाची कलमं ‘असल्यास’ला बांधायची नाहीत, ती स्वतःच्या पायावर उभी हवीत.

उदाहरण घ्या. हा मसुदा वाया जाणार:

‘अमुक सिंचन प्रकल्पावर प्रचंड खर्च होऊनही काम अपूर्ण असून खर्च अनेक पटींनी वाढला आहे, हे खरे आहे काय, असल्यास जबाबदार अधिकाऱ्यांवर कोणती कारवाई केली?’

‘प्रचंड’ला उत्तर नाही, ‘अनेक पटींनी’ला उत्तर नाही, कारवाईचं कलम पहिल्यावर टांगलेलं. तोच विषय असा लिहिता येतो:

‘(१) अमुक प्रकल्पास मूळ व सुधारित प्रशासकीय मान्यता कोणकोणत्या दिनांकास व किती रकमेच्या देण्यात आल्या;
(२) अखेरच्या सुधारित मान्यतेतील वाढीपैकी दरसूचीतील बदल, भूसंपादन, संकल्पचित्रातील बदल, व्याप्तीतील वाढ व इतर कारणे यांमुळे प्रत्येकी किती वाढ झाली;
(३) अमुक दिनांकापर्यंत एकूण झालेला खर्च, निर्मित सिंचन क्षमता व प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र किती;
(४) प्रलंबित देयकांची रक्कम व सर्वात जुन्या देयकाचा दिनांक काय?’

दुसरं कलम या प्रश्नाचा कणा आहे. सुप्रमाच्या, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या, प्रस्तावात वाढीची ही कारणनिहाय फोड करावीच लागते, त्यामुळे ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणता येत नाही. भाववाढीवर कुणाचा इलाज नसतो, पण व्याप्ती आणि संकल्पचित्र बदलणं हा कुणीतरी सही करून घेतलेला निर्णय असतो. विदर्भातल्या गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाचा मूळ अंदाज १९८३ साली सुमारे ३७२ कोटी रुपयांचा होता आणि २०१६ च्या सुधारित मान्यतेत तो सुमारे १८,४९४ कोटींवर गेला. हे दोन आकडे सभागृहात अनेकदा उच्चारले जातात, पण त्यातून चर्चा पुढे सरकते ती मधल्या फरकाची फोड हातात असेल तरच.

व्याप्ती आटोपशीर ठेवा. दहा वर्षांची, सगळ्या जिल्ह्यांची, तालुकानिहाय माहिती मागितली की उत्तर ठरलेलं: ‘माहिती गोळा करण्यात येत आहे.’ तीन वर्षं आणि एक जिल्हा, किंवा एक वर्ष आणि सगळे जिल्हे. दोन्ही एकदम नको.

प्रश्न कुणाला विचारायचा हेही ठरवा. योजनेचा खर्च वित्त विभागाला विचारलात तर प्रश्न संबंधित विभागाकडे हस्तांतरित होतो आणि त्या विभागाचा दिवस वेगळा असल्याने तुमची तारीख हुकते. संसदेत राज्याच्या विषयावर विचारलं तर ‘हा विषय राज्याच्या अखत्यारीत आहे’ हे वाक्य तयार असतं. तिथे केंद्राने सोडलेला हिस्सा, राज्याने भरलेला हिस्सा आणि प्रमाणपत्रांची स्थिती एवढ्यावर राहा.

तारांकित की अतारांकित

लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात, क्रम सोडतीने ठरतो. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी लागते. तासाभरात वीसपैकी थोडेच प्रश्न तोंडी उत्तराला पोचतात, बाकीच्यांचं उत्तर पटलावर ठेवलं जातं. म्हणून आकड्यांचा प्रश्न आधी अतारांकित घालून उत्तर पदरात पाडून घ्यायचं आणि त्या उत्तरातल्या विसंगतीवर पुढच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न घालायचा, हा क्रम आम्हाला सर्वात भरवशाचा वाटतो. विभागाचाच आकडा विभागासमोर ठेवला की ‘हे खरे नाही’ म्हणणं कठीण जातं.

तोंडी उत्तराच्या वेळी मूळ प्रश्नकर्त्याला सहसा दोन उपप्रश्न मिळतात. दोन्ही घरून लिहून न्या, प्रत्येकी दोन वाक्यांत. पहिला उपप्रश्न उत्तरातल्या आकड्यावर, दुसरा तारखेच्या आश्वासनावर: ‘हे काम कोणत्या महिन्यात पूर्ण होईल?’ एका उपप्रश्नात चार प्रश्न कोंबले तर मंत्री त्यातल्या सर्वात सोप्याला उत्तर देऊन खाली बसतात. प्रस्तावनेचं भाषण केलं तर अध्यक्ष थांबवतात आणि उपप्रश्न गेलाच.

ताळेबंदाबाहेरचा खर्च

अर्थसंकल्पात दिसतो तेवढाच खर्च, असं धरून चालणं महागात पडतं. अन्न अनुदानाचं पहा. कित्येक वर्षं अन्न महामंडळाची देणी राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज देऊन भागवली जात होती, त्यामुळे अनुदानाचा आकडा खऱ्यापेक्षा लहान दिसे. २०२०-२१ मध्ये ते कर्ज फेडून अर्थसंकल्पात आणलं गेलं आणि सुमारे १.१६ लाख कोटींचा मूळ अंदाज सुधारित अंदाजात सुमारे ४.२३ लाख कोटींवर पोचला. त्यात कोविड काळातल्या मोफत धान्याचाही वाटा होता, पण मोठा भाग साचलेल्या थकबाकीचा. आधीच्या वर्षांत ‘अनुदान किती’ एवढंच विचारणाऱ्याला खरं पण अपुरं उत्तर मिळत होतं. त्यामुळे महामंडळ असेल तिथे आणखी तीन गोष्टी विचारा: शासनहमीची थकीत रक्कम, हमीवर घेतलेल्या कर्जाचं चालू वर्षाचं व्याज, आणि ते व्याज कोणत्या लेखाशीर्षातून भरलं जातं.

पुरवणी मागण्यांत लाक्षणिक, नाममात्र रकमेची मागणी दिसली तर ती वगळून पुढे जाऊ नका. तिचा अर्थ पैसा त्याच मागणीतल्या बचतीतून येणार आहे. मग बचत कोणत्या कामाचा पैसा थांबवून झाली?

कपात सूचना, थोडक्यात

कपात सूचना म्हणजे विभागाच्या खर्चाच्या मागणीत कपात सुचवणारा प्रस्ताव. धोरणालाच विरोध असेल तर मागणी १ रुपयावर आणण्याची, ठरावीक उधळपट्टी दाखवायची असेल तर तेवढ्या रकमेची, आणि एखादी तक्रार मांडायची असेल तर १०० रुपयांची. लोकसभेत या तीन प्रकारांत सूचना देता येते. ती मंजूर होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चर्चेत बोलायला जागा मिळते हा तिचा उपयोग. मात्र गिलोटीन लागण्याच्या, म्हणजे चर्चेविना एकदम मताला टाकायच्या मागण्यांच्या, यादीत तुमचा विभाग असेल तर तीही जागा नाही. त्या विभागाचे प्रश्न अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यातच लावा.

उत्तर आल्यानंतर

उत्तरातली क्रियापदं वेगळ्या शाईने अधोरेखित करा. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘चौकशी करण्यात येत आहे’, ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवण्यात येईल’ ही वाक्यं लोकसभेत आश्वासन मानली जातात. ती आश्वासन समितीकडे जातात आणि पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते. नाही जमलं तर मंत्रालयाला समितीकडे मुदतवाढ मागावी लागते. तारीख डायरीत टाका, तीन महिने उलटले की समितीच्या सचिवालयाला पत्र द्या.

उत्तर अर्धवट असेल तर लोकसभेत नियम ५५ खाली अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. सूचना तीन दिवस आधी, सोबत कारणं सांगणारी टीप आणि आणखी दोन सदस्यांच्या सह्या. टीप लिहिताना उत्तर असमाधानकारक आहे एवढं म्हणून भागत नाही; कोणत्या कलमाचं उत्तर टाळलं, आणि उत्तरातला कोणता आकडा विनियोजन लेख्यांशी जुळत नाही, ते पानाच्या क्रमांकासह द्या.

१९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सुमारे १.२४ कोटी रुपयांचा विषय लोकसभेत आधी प्रश्नाच्या रूपानेच आला होता. पहिलं उत्तर गुळमुळीत होतं. त्याच वर्षी डिसेंबरात खासदार फिरोज गांधींनी तो पुन्हा उचलला, न्या. छागला यांचा आयोग नेमला गेला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.