अ‍ॅडहेरन्स मोजायला बसण्याआधी

एचआयव्हीच्या संशोधनात किंवा समुपदेशनात नव्याने आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अ‍ॅडहेरन्स (म्हणजे औषध ठरल्याप्रमाणे नियमित घेणं) मोजायची सगळ्यात चांगली पद्धत कोणती? काही वर्षं हेच काम करून माझं मत असं झालंय, की गोळी पोटात गेली का हे थेट सांगणारी पद्धत रोजच्या कामात आपल्या हाती नसतेच. आपण मोजतो ते तिच्या आसपासचं काहीतरी. माणूस काय सांगतो, डबीत किती उरल्या, झाकण कधी उघडलं, औषध कधी नेलं, रक्तात काय सापडलं. पद्धत निवडायची ती हे ध्यानात ठेवून.

बहुतेकांची सुरुवात प्रश्नावलीने होते. ती स्वस्त आणि झटपट, पण विचारण्यावर फार अवलंबून. ‘गोळ्या नियमित घेता ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येणार, आपणच ते तोंडात घातलेलं असतं. त्याऐवजी, ‘गडबडीत बऱ्याच जणांची एखादी गोळी राहते. काल घेतली होती का? परवा?’ असं एकेक दिवस मागे जात विचारा. शनिवार-रविवारचं वेगळं विचारा, कारण दिनक्रम बदलला की गोळी चुकते. शक्यतो औषध देणाऱ्यानेच हे विचारू नये. लोक चांगलं तेच जास्त सांगतात. म्हणून ‘चुकली’ म्हणणाऱ्यावर बिनदिक्कत विश्वास ठेवा, ‘एकही नाही चुकली’ म्हणणाऱ्याचं दुसऱ्या पद्धतीने पडताळून पाहा.

उरलेल्या गोळ्या मोजण्यात खरी मेख हिशेबात आहे. समजा, रोज एक गोळी आहे. आज 30 दिल्या, घरी आधीच्या 6 शिल्लक होत्या. 28 दिवसांनी 10 उरल्या. म्हणजे 26 घेतल्या, 93 टक्के. त्या सहा नोंदवायच्या राहिल्या तर हाच माणूस 71 टक्क्यांवर येतो आणि विनाकारण बोलणी खातो. आजची गोळी घेऊन आलाय की परत जाऊन घेणार, हेही विचारून ठेवा. उलट प्रत्येक भेटीला अगदी शून्य गोळ्या उरणारा हिशेब दिसला की मी थोडी थांबते. तपासणीआधी उरलेल्या गोळ्या टाकून देणं नवं नाही. त्यावर उपाय म्हणून काही अभ्यासांत न कळवता घरी जाऊन किंवा फोनवर मोजणी करतात. मात्र घरच्यांना आजार माहीत नसेल, तर दारात उभं राहणंच त्या माणसाला महागात पडू शकतं. आधी परवानगी, मग मोजणी.

आजार लपवण्याची हीच अडचण डबीच्या इलेक्ट्रॉनिक झाकणाची. झाकण उघडल्याची वेळ त्यात नोंदली जाते, आकडे देखणे येतात. पण खुळखुळणारी डबी कोणाला दिसू नये म्हणून लोक गोळ्या कागदात बांधून किंवा साध्या डबीत घालून ठेवतात. आठवड्याच्या एकदम काढल्या की सहा दिवस चुकलेले दिसतात. त्यामुळे महागडं उपकरण म्हणून त्याचा आकडा आपोआप खरा ठरत नाही. औषध नेल्याच्या नोंदी मोठ्या संख्येसाठी बऱ्या. नेलं म्हणजे घेतलं असं मात्र नाही.

रक्तातली पातळी तपासताना ती किती मागचं सांगते हे पाहा. साध्या रक्तद्रवातली पातळी अलीकडच्या काही डोसांचीच असते, तपासणीआधी दोन दिवस गोळ्या घेणाराही त्यात उत्तम दिसतो. टेनोफोव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाचं तांबड्या पेशींत साठणारं रूप सुमारे 17 दिवसांनी निम्मं होतं, त्यामुळे गेल्या काही आठवड्यांचं चित्र मिळतं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणून त्यांत साठलेल्या औषधातून महिन्यांचा अंदाज येतो.

आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण? तो परिणाम आहे, अ‍ॅडहेरन्स नव्हे. औषधाला दाद न देणारा विषाणू असेल तर नेमाने गोळ्या घेणाऱ्याचाही वाढतो.

निदान 95 टक्के गोळ्या घेतल्याच पाहिजेत, हा आकडा तुम्हाला जागोजागी भेटेल. तो मुख्यतः 2000 साली प्रसिद्ध झालेल्या पॅटरसन व सहकाऱ्यांच्या अभ्यासातून रूढ झाला, आणि तेव्हा प्रोटिएज इन्हिबिटर गटातली जुनी औषधं होती. आताची बरीच औषधं थोडी हयगय सोसतात. मला तर टक्केवारीपेक्षा चुकण्याचा नमुना जास्त सांगून जातो. महिन्यात चार गोळ्या सुट्या चुकल्या काय आणि सलग चार दिवस चुकल्या काय, टक्केवारी एकच. पण सलग खंडात औषधाची पातळी उतरते आणि विषाणूला डोकं वर काढायला वाव मिळतो. म्हणून नोंदवहीत ‘सर्वांत लांब खंड’ असा एक रकाना जरूर ठेवा.

कॅबोटेग्राव्हिर-रिल्पिव्हिरिन या औषधजोडीच्या दोन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनांत यातलं बरंच गळून पडतं. तिथे ठरलेल्या तारखेच्या सात दिवस आधी ते सात दिवस नंतर माणूस आला का, एवढंच पाहायचं. तुमच्या अभ्यासात अशी माणसं असतील तर त्यांचा तक्ता पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा, गोळ्यांच्या टक्केवारीत मिसळू नका.