दुबईच्या सहलीत छुपे खर्च कुठे लागतात आणि ते कसे टाळायचे

विमानाच्या तिकिटाचे दर पहिल्या पानावर ताडून पाहू नका. दोन-तीन साइटवर तीच तारीख, तेवढेच प्रवासी टाकून थेट पैसे भरायच्या पानापर्यंत जा आणि तिथला आकडा लिहून घ्या. कन्व्हीनियन्स फी बऱ्याच ठिकाणी दर प्रवाशामागे, दर फेरीला लागते. म्हणजे चौघांच्या जाण्यायेण्याला आठ वेळा. विमा, सीट, जेवण आधीच टिक केलेलं असेल तर काढा. न विचारता असं काही माथी मारणं भारतात ३० नोव्हेंबर २०२३च्या डार्क पॅटर्न (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या) रोखण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये बसत नाही, तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. सगळ्यात स्वस्त भाड्यात कधी कधी फक्त हातातली बॅग असते. चेक-इन सामान लागणारच असेल तर ते ऑनलाइन आधी घ्या. काउंटरवर किलोमागे मोजावं लागतं आणि ते खूप महाग पडतं. निघण्याआधी घरीच बॅगा वजन करा.

हॉटेलच्या ऑनलाइन दरात ‘टुरिझम दिरहम’ हा पर्यटकांवरचा आकार बहुधा धरलेला नसतो. तो खोलीमागे, रात्रीमागे हॉटेलातच भरायचा असतो: पंचतारांकितला २० दिरहम (दिरहम हे तिथलं चलन), चार ताऱ्यांना १५, तीन ताऱ्यांना १०. चार ताऱ्यांच्या हॉटेलात दोन खोल्या, पाच रात्री म्हणजे १५० दिरहम. हा टाळता येत नाही, पण बजेटमध्ये धरता येतो. हॉटेलचं डिपॉझिट क्रेडिट कार्डवर द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डवर (आधी परदेशी चलन भरून घ्यायचं कार्ड) दिलं तर तेवढी रक्कम अडकते आणि मोकळी व्हायला बरेच दिवस जाऊ शकतात, ऐन सहलीत पैसे कमी पडतात.

सगळ्यात जास्त गळती होते ती कार्ड वापरताना. दुकानातलं मशीन विचारतं, रुपयांत की दिरहममध्ये? नेहमी दिरहमच निवडा. रुपये निवडले की दर तुमची बँक नाही, मशीनवाला ठरवतो. समजा एक दिरहम २४ रुपये आहे आणि बिल ५०० दिरहम, म्हणजे १२,००० रुपये. दर पाच टक्के वाईट मिळाला तर १२,६०० जातात, शिवाय काही बँका परदेशातल्या रुपयांच्या व्यवहारावरही वेगळी फी घेतात. दिरहम निवडून ३.५ टक्के मार्कअपचं (बँक परदेशी खर्चावर लावते तो आकार) साधं कार्ड वापरलं, तर ४२० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून सुमारे ४९६. मार्कअप शून्य असलेलं कार्ड असेल तर तेही वाचतात. विक्रेत्याने न विचारता रुपये टाकले तर सही किंवा पिन देण्याआधी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. नंतर तो उलटवणं अवघड जातं. एटीएमवरही ‘विदाऊट कन्व्हर्जन’ निवडा, आणि फी दर वेळेला लागते म्हणून एकदाच थोडी मोठी रक्कम काढा.

फॉरेक्स कार्डात डॉलर नाही, दिरहमच भरा. डॉलर भरून दुबईत खर्च केला की दर वेळी चलन बदलल्याचा आकार लागतो. नोटा शहरातल्या दोन-तीन मनी चेंजरकडे दर विचारून घ्या, विमानतळावर नाही. एक लाखापर्यंतच्या चलनावर किमान ४५ रुपये जीएसटी पडतो, तेव्हा तुकड्या-तुकड्याने घेऊ नका.

विमानतळावरून टॅक्सीचं मीटर २५ दिरहमपासून सुरू होतं. टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रो आहे, टर्मिनल २ ला नाही. मध्यरात्री उतरलात तर मात्र टॅक्सीच धरावी लागेल. मेट्रोने चार-पाच फेऱ्या होणार असतील तर सिल्व्हर नोल कार्ड हे प्रवासाचं कार्ड घ्या (२५ दिरहम, त्यात १९ वापरायला मिळतात), कारण नोलच्या लाल कागदी तिकिटावर दर फेरीला जास्त पडतं. डेझर्ट सफारीत क्वाड बाइक, हॉटेलवरून नेणं-आणणं, पाणी-जेवण यांतलं काय धरलंय, ते व्हॉट्सॲपवर लेखी मागून घ्या.

खरेदी केली तर व्हॅट परत मिळतो, पण त्यातूनही कपात होते. किमान बिल २५० दिरहम लागतं. व्हॅटच्या सुमारे ८५ टक्के रक्कम मिळते आणि दर बिलामागे ४.८० दिरहम कापले जातात. २५० च्या बिलावर हातात जेमतेम पाच-साडेपाच दिरहम येतात. तशी चार बिलं केली तर २१-२२, आणि तीच १,००० ची खरेदी एका बिलात केली तर सुमारे ३६. तेव्हा कुटुंबाची खरेदी शक्यतो एकाच दुकानात, एकाच बिलात करा, पासपोर्ट दाखवून टॅक्स-फ्री नोंद करून घ्या, आणि परतताना बॅगा चेक-इन करण्याआधी व्हॅट काउंटरवर जा, कारण वस्तू तपासायला मागू शकतात.