अभिकेंद्री बल: आधी दोरी फिरवा, मग सूत्र लिहा

अकरावीला वर्तुळाकार गती शिकवताना अभिकेंद्री बलाचं, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणाऱ्या बलाचं, सूत्र मी मुद्दाम उशिरा लिहितो. आधी सामान काढायला लावतो: रिकाम्या बॉलपेनची नळी, मीटरभर नायलॉनची दोरी, 20 ग्रॅमचं खोडरबर, आणि वाण्याच्या तराजूतली 50 आणि 200 ग्रॅमची वजनं.

दोरी नळीतून ओवा. वरच्या टोकाला खोडरबर घट्ट बांधा, खालच्या टोकाला 50 ग्रॅमचं वजन. नळीच्या वर अर्धा मीटर दोरी सोडा आणि नळीच्या खालच्या तोंडाशी दोरीवर स्केचपेनने खूण करा. मोकळ्या मैदानात जा, आसपास कुणी नको. नळी धरून खोडरबर डोक्यावर फिरवा. खूण वर सरकली तर वेग जास्त झाला, खाली आली तर कमी पडला. ती जागेवर ठरली की 20 फेऱ्यांचा वेळ मोजा: सुमारे 18 सेकंद. आता 200 ग्रॅम लावा. सुमारे 9 सेकंद! बल चौपट, चाल दुप्पट. सूत्रातला (वस्तुमान गुणिले चालीचा वर्ग भागिले त्रिज्या) चालीचा वर्ग तो हाच. नळीच्या कडेच्या घर्षणाने थोडा फरक पडेल. फिरताना दोरी जराशी झुकते, त्याची मात्र काळजी नको. त्रिज्या आणि ताणाचा आडवा भाग एकाच प्रमाणात घटतात, म्हणून हिशेबात दोरीची लांबीच धरा.

हिशेब पहिल्या वेळचा. परीघ 3.14 मीटर, एका फेरीला 0.9 सेकंद, म्हणजे चाल सेकंदाला 3.5 मीटर. चालीचा वर्ग भागिले त्रिज्या: त्वरण 24.5. गुणिले 0.02 किलो: 0.49 न्यूटन. आणि खालच्या 50 ग्रॅमवरचं गुरुत्वबल? 0.05 किलो गुणिले गुरुत्वत्वरण 9.8, तेही 0.49. हे जुळताना बघणाऱ्या मुलांचे चेहरे मला फार आवडतात.

चाल तीच, मग त्वरण कसलं? दिशा क्षणोक्षणी बदलते म्हणून. वर्तुळावर जवळजवळच्या दोन बिंदूंपाशी वेगाचे बाण काढा, दुसऱ्यातून पहिला वजा करा. उरलेला बाण केंद्राकडे वळलेला दिसेल.

आकृती काढताना एक पथ्य कडक पाळा: ‘अभिकेंद्री बल’ नावाचा वेगळा बाण काढायचा नाही. इथे ते काम दोरीचा ताण करतो, सपाट रस्त्यावर वळणाऱ्या एसटीला टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण पुरतं. प्रत्येक गणितात आधी विचारा, केंद्राकडे ओढतंय कोण? बाहेर ढकलणारं बलही जमिनीवरून पाहताना नसतंच. दोरी सुटली तर खोडरबर स्पर्शिकेच्या दिशेने जातं.

चंद्राला ओढतंय गुरुत्वाकर्षण. अंतर 3,84,000 किलोमीटर, फेरी 27.3 दिवसांची, त्वरण काढा, 0.0027 येईल. तो पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या 60 त्रिज्यांवर आहे आणि गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं, म्हणून 9.8 ला 60 च्या वर्गाने भागा: तेच उत्तर. न्यूटनने हीच तुलना केली होती.