लहान मुलांना सांताला भेटायला नेताय? तयारी दाढीपासून करा

माझा भाचा तेव्हा पावणेतीन वर्षांचा होता. रत्नागिरीत नाताळच्या एका कार्यक्रमाला आम्ही त्याला घेऊन गेलो. सांता घंटा वाजवत आला, आणि वहिनीनं हौसेनं पोराला उचलून थेट त्याच्या मांडीवर ठेवलं. त्या क्षणाचा फोटो घरात आहे. पोराची पाठ धनुष्यासारखी ताणलेली, एक सँडल पायातून निसटलेली आणि मूठ सांताच्या दाढीत अडकलेली. तो एकच शब्द ओरडत होता, "संकासूर! संकासूर!"

घरी आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिमग्यात आमच्याकडे खेळे, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारी मंडळी, दारात येतात, त्यांच्यात संकासूर असतो. अंगात काळा झगा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, तोंडावर मुखवटा, त्याला पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं. त्यात आपण मोठी माणसं वर्षभर "जेव, नाहीतर संकासूर येईल" म्हणत असतो. आता सांताकडे पोराच्या नजरेनं बघा. दाढी पांढरी, टोपी टोकदार, हातात घंटा. रंग तेवढा लाल. पोराचं काय चुकलं होतं?

म्हणून कोकणातल्या आईबापांना माझं कळकळीचं सांगणं आहे की, पोराला सांताकडे नेण्याआधी दाढीची ओळख घरीच करून द्या.

आठवडाभर आधी: दाढी घरात आणा

बाजारातून सांताची टोपी आणि दाढी आणा, किंवा कापसाचा गुंडाळा घेऊन दाढी घरीच करा. मग ओळखीच्या माणसानं, म्हणजे बाबांनी, काकांनी किंवा आजोबांनी ती मुलासमोरच लावायची. दुसऱ्या खोलीतून लावून अचानक बाहेर यायचं नाही. ओसरीवर बसून, मुलाच्या हातात दाढी द्यायची, त्याला ती चाचपू द्यायची, मग लावायची, बोलायचं, काढायची, पुन्हा लावायची. आवाज तोच ठेवायचा. चार-पाच दिवस हा खेळ चालला की मूल स्वतःच दाढी ओढून काढायला लागतं आणि खदखदून हसतं. ते झालं की निम्मं काम झालं.

याला शास्त्राचाही आधार आहे. ऱ्हेटा डीव्हरीज या अमेरिकन संशोधिकेनं १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मेनार्ड नावाचं एक मांजर दाखवलं, कुरवाळू दिलं आणि मग त्याच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला. तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना वाटलं, याचा आता कुत्राच झाला. सहा वर्षांची बहुतेक मुलं मात्र ठामपणे सांगत होती, हे मांजरच आहे. म्हणजे "अरे, तो माणूसच आहे, घाबरतोस काय?" हे वाक्य तीन वर्षांच्या पोराच्या उपयोगाचं नाही. त्याच्यासाठी सोंग घेतलेला माणूस खरोखरच बदललेला असतो.

त्याच आठवड्यात रात्री झोपताना गोष्ट सांगा. चौथ्या शतकात मायरा नावाच्या गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, निकोलस नावाचे बिशप होते. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्रीच्या अंधारात गुपचूप पैशांच्या थैल्या घरात टाकल्या, अशी आख्यायिका आहे. ६ डिसेंबर हा त्यांचा सण. सांता या संत निकोलसवरूनच आला. मुलांना यातलं "गुपचूप" फार आवडतं.

आणि एक पथ्य. "रडलास तर सांता खाऊ देणार नाही" असं म्हणू नका. एक संकासूर पुरे आहे.

कुठे आणि किती वाजता

तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर बालवाडीतला, सोसायटीतला किंवा शेजारच्या ख्रिस्ती वाडीतला सांता बरा. तिथे गर्दी कमी असते आणि दाढीमागचा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा निघतो. त्याला आधी गाठून सांगता येतं, "दादा, आमचं पोर बुजरं आहे. तुम्ही बसूनच राहा, हाक मारू नका, ते येईल तेव्हा येईल." किनाऱ्यावरच्या हॉटेलांतले कार्यक्रम मोठ्या मुलांसाठी ठेवा. तिथे स्पीकरचा आवाज एवढा असतो की लहानगी आवाजानंच भेदरतात. शिवाय २५ डिसेंबरनंतरच्या आठवड्यात अलिबाग, दापोली, गणपतीपुळे, मालवण पर्यटकांनी भरून जातं आणि गाडी लावण्यातच पोराची झोपेची वेळ होते.

दुपारची झोप झाली, पोटात भात गेला की निघा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. त्याच्या आधी, उजेडात सांता दिसला तर भीती कमी वाटते. कपडे सुतीच घाला. लोकरीची लाल टोपी फोटोत गोड दिसते, पण आपल्याकडे दुपारी पारा ३० अंशांच्या वर असतो आणि हवा दमट. घामानं चिडचिडलेलं मूल कोणाकडेच जात नाही.

तिथे गेल्यावर

लगेच रांगेत उभे राहू नका. लांब उभं राहून दहा मिनिटं नुसतं बघा. दुसरी मुलं जातात, हात मिळवतात, खाऊ घेऊन परत येतात, हे पोराला दिसू द्या. मग विचारा, "जाऊया का जवळ?" नाही म्हटलं तर नाही. लांबून हात हलवला तरी ती भेटच झाली. हो म्हटलं तर कडेवर घेऊनच जा, आणि मांडीवर बसायचं की नाही हे मुलाला ठरवू द्या. सांताच्या शेजारी आईच बसली आणि मूल आईच्या मांडीवर, तर फोटो उत्तम येतो. आम्ही पुढच्या वर्षी असंच केलं. भाच्यानं आधी सांताच्या बुटाला बोट लावलं, मग पट्ट्याला. दाढीला मात्र नाही.

रडू फुटलं तर तिथून बाजूला व्हा. "एक फोटो होऊ दे" म्हणून थांबवू नका. रडणाऱ्या मुलाला धरून ठेवलं, की पुढच्या वर्षीही तेच आठवतं.

मिळालेला खाऊ आधी आपल्या हातात घ्या. चार वर्षांच्या आतल्या मुलाला कडक गोळ्या आणि शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. लुकलुकणाऱ्या टोप्या आणि खेळण्यांत बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असतात, त्यांचं झाकण स्क्रूनं बंद आहे ना ते पाहा. तशी बॅटरी मुलानं गिळली तर काही तासांत अन्ननलिका भाजून निघते, म्हणून वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा. भेटवस्तू आपणच आधी सांताकडे द्यायची असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीतलं लाकडी खेळणं छान, पण सुटे बारीक तुकडे नसलेलं. पुडक्यावर मुलाचं नाव ठळक लिहा.

चर्चमध्ये जाणार असाल तर

मिस्सेची वेळ आधी विचारून घ्या आणि मिस्सा चालू असताना मध्ये फिरू नका, फोटो काढू नका. ती प्रार्थना आहे. मिस्सा संपल्यावर गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, बघायला न्या. मला विचाराल तर लहान मुलांना सांतापेक्षा गोठाच अधिक भावतो. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत ख्रिस्ती घरांतून तो हौसेनं करतात. गवताचं छप्पर, मेंढ्या, गाय, मेंढपाळ. काही जण नाचणी किंवा गहू आधीच पेरून ठेवतात, त्याची कोवळी हिरवी रोपं म्हणजे गोठ्याभोवतीचं शेत. बाळ येशू मात्र २४ तारखेच्या रात्री ठेवतात. त्याआधी गेलात तर "बाळ कुठाय?" हा प्रश्न येणारच. शेजारणीनं नेवऱ्या, कुलकुल पुढे केले तर एखादा मुलाच्या हातात द्या. दिवाळीत फराळाचं ताट आपण त्यांच्याकडे पाठवतोच.

घरी आल्यावर

पाच-सहा वर्षांचं मूल विचारतं, "तो खरा होता का?" उलट विचारा, "तुला काय वाटतं?" आणि ऐका. त्यानं ओळखलंच असेल तर खोटं बोलू नका.

कापसाची दाढी टाकून देऊ नका. पिशवीत घालून कपाटात ठेवा. फाल्गुनात खेळे दारात येण्याच्या आठवडाभर आधी ती पुन्हा काढायची, या वेळी काळ्या टोपीबरोबर, आणि आजोबांनी ओसरीवर बसून पोराच्या देखत लावायची.