मुंबईत पायी फिरताना कुरकुऱ्या दोस्ताला पुढे ठेवा

विदर्भ एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो की आमच्या चौघांतला एक जण हमखास म्हणतो, "मले नाही जमत बाप्पा एवढं चालनं." गावात तो शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) रोज याहून जास्त चालतो, ते वेगळं! यावर जमलेला उपाय:

१. बॅगा स्टेशनच्या क्लोकरूमात टाका. बॅगेला कुलूप लागतं आणि तिकीटही दाखवावं लागतं, म्हणून ते फेकू नका.

२. "गेटवेला जाऊ" म्हणू नका. अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास आहे, पण त्याचे तुकडे करा: आधी हुतात्मा चौक, मग काळा घोडा, मग गेटवे. प्रत्येक ठिकाणी बसायचं, चहा किंवा वडापाव. पुढे जायचं की नाही, हे तिथंच ठरवायचं.

३. सर्वात पुढे त्यालाच चालू द्या. चाल त्याची, थांबणंही त्याचं. मागं ठेवला की तो रुसतो, शिवाय गर्दीत हरवतो.

फक्त चुकामूक झाली तर "स्टेशनबाहेर भेटू" असं ठरवू नका. तिथल्या भुयारी मार्गाला बरीच तोंडं आहेत, आम्ही एकदा तासभर एकमेकांना शोधत बसलो होतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूचं क्लोकरूमच ठरवा. बॅगा घ्यायला तिथं यावंच लागतं.