मधुमेह आणि फ्लूची लस: पावसाळ्याआधी या चुका टाळा

फ्लूची लस 'नको' म्हणून ठणकावून सांगणारा मधुमेहाचा पेशंट ओपीडीत क्वचितच भेटतो. बाकीचे 'बघूया की' म्हणतात, फाईल पिशवीत घालतात आणि निघतात. मग जुलै येतो, पंचगंगा पात्राबाहेर पडते, घराघरांत खोकला सुरू होतो आणि यांतलेच काहीजण ताप आणि धाप घेऊन परत येतात. कोल्हापुरात लस राहते ती विरोधामुळे नाही, पुढे ढकलल्यामुळे. आणि पुढे ढकलायची जी कारणं रोज कानावर येतात, त्यांतली बरीचशी चुकीची आहेत.

'साखर खाली आली की घेतो'

"मामा, यंदाची फ्लूची लस झाली का?"

"सिस्टर, साखर तीनशेच्या वर गेलीया. आता आणि ती सुई कशाला? खाली आली की बघूया की."

हा समज येतो कुठून, ते कळतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी साखर आटोक्यात आणायला सांगतात, दात काढायच्या आधी रिपोर्ट मागतात. त्यामुळे लशीलाही तेच लागू असणार, असं माणूस धरून चालतो. तसं नाही. फ्लूच्या लशीसाठी साखर अमुक इतकीच हवी, अशी अट नाही. उलट साखर सतत चढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. म्हणजे ज्याची साखर ऐकत नाही, त्यालाच फ्लूतून न्यूमोनिया होण्याची भीती जास्त. त्याला लशीची गरज आधी आहे.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. फ्लूचा ताप चढला की शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं, लिव्हर साठवलेली साखर रक्तात ओततं आणि इन्सुलिनचा असर कमी होतो. घास पोटात नसताना साखर वाढते ती यामुळे. साखर आटोक्यात यायची वाट बघत लस लांबवली आणि मधेच फ्लू झाला, तर महिनोन् महिने पथ्य करून खाली आणलेली साखर चार दिवसांत पुन्हा वर जाते.

थांबायचं कधी? अंगात चांगला ताप असेल तर तो उतरेपर्यंत. नुसती सर्दी असेल तर थांबायची गरज नाही. आधीच्या फ्लूच्या लशीनंतर अंगावर गांधी उठून श्वास कोंडला असेल, किंवा लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत हातपाय लुळे पडण्याचा गुलेन-बारे आजार झाला असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुई देणाऱ्याला आधी सांगा आणि नंतर ती जागा दोन-तीन मिनिटं दाबून धरा. चोळू नका.

थंडीची वाट बघणं

युरोप-अमेरिकेत फ्लू थंडीत येतो, त्यामुळे इंटरनेटवर ऑक्टोबरमध्ये लस घ्या असं वाचायला मिळतं. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, छोटी जानेवारी ते मार्चच्या सुमारास. लशीचं संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून जोतिबाची चैत्र यात्रा आटोपली की लशीचं मनावर घ्यावं आणि मे महिना संपायच्या आत ती टोचून व्हावी.

फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. पावसाळ्याआधी घेताना दक्षिण गोलार्धाचा चालू वर्षाचा साठा मागा, खोक्यावरचं साल आणि मुदत स्वतः वाचा. गेल्या वर्षी घेतली होती म्हणून यंदा सुटका नाही. दरवर्षी एक डोस, हाच नियम.

कोल्हापूरकरांना तर आणखी एक कारण आहे. २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडतं तेव्हा रस्ते बंद होतात, शाळेच्या एकेका हॉलमध्ये कितीतरी कुटुंबं एकत्र राहतात, इन्सुलिन थंड ठेवायची मारामार होते. त्या गर्दीत फ्लू पसरायला वेळ लागत नाही आणि तेव्हा लस शोधत फिरणं शक्य नसतं. नदीकाठच्या गावांतल्या मधुमेही माणसांनी तरी हे मेमध्येच उरकावं. राहून गेलंच, तर जुलैत घ्या, ऑगस्टमध्ये घ्या. उशिरा घेतलेली लसही कामाचीच.

स्कूटरच्या डिकीतली लस

ही चूक पेशंटच्या ध्यानातसुद्धा येत नाही. मेडिकलमधून लस घेतली, खोकं डिकीत टाकलं, वाटेत भाजी घेतली आणि मग दवाखान्यात पोचले. लशीला २ ते ८ अंश तापमान लागतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी चांगलीच तापते. काहीजण काळजीपोटी उलटं करतात आणि ती फ्रीझरमध्ये ठेवतात. गोठलेली लसही वाया जाते, ती टोचायची नाही. शक्यतो जिथे टोचायची तिथल्याच फ्रीजमधली घ्या. बाहेरून आणायचीच असेल तर आइस पॅक घातलेल्या डब्यातून, लस थेट बर्फाला न चिकटू देता, सरळ दवाखाना गाठा. खासगीत दीड ते अडीच हजार रुपये मोजून घेतलेली वस्तू आहे. तेवढे परवडत नसतील तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात साठा आहे का ते विचारा. मधुमेही रुग्णांना सरकारी दवाखान्यांतून ही लस मोफत दिली गेली आहे.

वेगळीच लस घेऊन निर्धास्त राहणं

न्यूमोकोकलची म्हणजे न्यूमोनियाची लस वेगळी. तीही मधुमेहींनी घ्यावी, पण तिच्याने फ्लू टळत नाही. बाळांच्या पेंटाव्हॅलंट लशीतल्या हिब या घटकाच्या नावातही इन्फ्लुएंझा येतं, पण तो जिवाणू, फ्लूचा विषाणू नव्हे. नाकात मारायच्या फ्लूच्या लशीत कमजोर केलेला पण जिवंत विषाणू असतो. मधुमेहींनी दंडात टोचायचीच घ्यावी.

'लस घेतली आणि तापच आला'

दंडात टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखणं, अंग मोडून येणं, एखाद-दोन दिवस कणकण, साखर किंचित वर, एवढं होऊ शकतं. पॅरासिटामॉल चालते. साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा, मात्र इन्सुलिनचा डोस मनाने बदलू नका. लस जुळून आली तरी फ्लू शंभर टक्के टळतो असं नाही. चांगल्या जुळलेल्या वर्षी डॉक्टरकडे जायला लावणारा फ्लू साधारण ४० ते ६० टक्के कमी होतो आणि झालाच तर दवाखान्यात भरती व्हायची वेळ येण्याची शक्यता कमी होते. मधुमेही माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

सोबत आलेली बाई

हे मला सगळ्यात जास्त लागतं. नवऱ्याची फाईल, त्याच्या गोळ्या, त्याची लस, सगळं तोंडपाठ असलेली मावशी शेजारी उभी असते. "तुमची झाली का?" विचारलं की "माझं काय मेलं, यांचं होऊ दे आधी." साखर तिलाही असते, बहुतेक वेळा तिची फाईलच नसते. घरातल्या लेकासुनांनी हे बघायला हवं. आईची लस वडिलांच्या दिवशीच, त्याच खेपेत करा. मधुमेह नसला तरी घरच्यांनीही घ्यावी, कारण फ्लू बहुधा घरातल्या माणसाकडूनच येतो.

डॉक्टरांनी सांगितलं नाही म्हणून राहिली, असंही पुष्कळ होतं. गर्दीत पाच मिनिटांत रिपोर्ट बघायचे असतात, लशीचा विषय निघत नाही. आपणच काढा. फाईलच्या पहिल्या पानावर तारीख लिहून घ्या.

लस घेऊनही ताप आलाच तर

दोन दिवस काढा पिऊन बघू नका. फ्लूवरची ओसेल्टामिविर ही गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर तिचा फायदा जास्त, आणि ती डॉक्टरच ठरवतात. इन्सुलिन बंद करू नका, जेवण कमी झालं तरी. साखर दर चार तासांनी बघा, पाणी थोडं थोडं सतत प्या, खोकल्याचं औषध साखरविरहित मागा. उलट्या किंवा जुलाब लागले तर मेटफॉर्मिन आणि लघवीवाटे साखर काढणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू ठेवायच्या का, ते फोन करून विचारा. धाप, छातीत दुखणं, गुंगी, पोटात पाणी न ठरणं किंवा साखर तीनशेच्या खाली न येणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.