गडावरची कॉफी, फिल्टरशिवाय

ट्रेकला जाताना इन्स्टंटच्या पुड्या नेऊ नका. घरूनच कॉफीच्या बिया जाडसर, इडलीच्या रव्याएवढ्या दळून घ्या. त्यात चिकोरी नको. माणशी १० ग्रॅम, म्हणजे दोन भरगच्च चमचे, छोट्या पिशवीत घट्ट बांधून न्या.

गडावर टाक्यातलं पाणी आधी गाळा, मग मिनिटभर खळखळून उकळा. माणशी १६० मिली पुरे. गॅस बंद करून लगेच पूड टाका. खाली घरी मी अर्धा मिनिट थांबते, पण हरिश्चंद्रगडासारख्या १,४२४ मीटर उंचीवर पाणी मुळात ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, कॉफीला हवं तेवढंच. एकदा ढवळा, झाकण ठेवा, चार मिनिटं हात लावू नका. पूड घालून पुन्हा उकळलीत की कडू झालीच म्हणून समजा.

आता खरी गंमत: वरून दोन चमचे गार पाणी शिंपडा. तरंगणारा चोथा हळूहळू तळाशी बसतो आणि वर तांबूस, नितळ कॉफी दिसू लागते. भांडं न हलवता, अलगद ओता. तळातला शेवटचा घोट सोडून द्या.

दुधाची पावडर हवी असेल तर कोमट पाण्यात वेगळी कालवा, गुठळ्या होत नाहीत. चोथा मात्र टाक्याजवळ फेकू नका. रिकाम्या पिशवीत भरून खाली आणा.